हातात धरायचा सँडर घ्यायचाय: बेल्ट, चौकोनी की रँडम ऑर्बिटल?

कोवळी फळी
मंडळी, लाकूडकाम हौस म्हणून करते. आजवर सगळं घासकाम बुचाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळूनच केलंय. आता पुढ्यात तीन कामं आहेत. एक, फळ्या चिकटवून केलेला टेबलाचा वरचा भाग, जोडांपाशी फळ्या किंचित वरखाली आहेत. दुसरं, प्लायचं कपाट. तिसरी एक जुनी खुर्ची, तिच्यावर वॉर्निशचे थरावर थर बसलेत. मनगट आत्तापासूनच कुरकुरतंय, म्हणून घासायचं मशीन, म्हणजे सँडर, घ्यायचं ठरवलंय. पण एकच घेणार.

बेल्ट सँडर, चौकोनी पाम सँडर आणि गोल चकतीवाला रँडम ऑर्बिटल, या तिघांत डोकं गरगरतंय. माझ्याकडे अँगल ग्राइंडर आहे, त्यालाच फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लाव म्हणून एकाने सुचवलं. चालेल का? आणि वॅट किती बघायचे?

ओळंबा
ग्राइंडर राहू द्या बाजूला. छोटा ग्राइंडर मिनिटाला ११,०००च्या आसपास फेरे घेतो. लाकूड जळून काळं पडतं आणि हात जरा रेंगाळला की खळगा. ओंडक्याला आकार द्यायचा असेल, खुर्चीची बैठक कोरायची असेल तर ठीक आहे. सपाटीचं काम त्याचं नव्हे.

बाकी गुण्या येतीलच सविस्तर लिहायला.

गुण्या
आलोच :)

एकच मशीन घ्यायचं असेल तर १२५ मिलिमीटरचा रँडम ऑर्बिटल. उत्तर एवढंच आहे. पण का, ते कळलं तर पुढे वापरतानाही उपयोग होईल, म्हणून लिहितो.

चौकोनी पाम सँडरमध्ये पॅड (ज्याला कागद लावतात तो तळ) फक्त बारीक बारीक वर्तुळं काढतो, स्वतःभोवती फिरत नाही. त्यामुळे कागदावरचा प्रत्येक कण तेच ते चिमुकलं वर्तुळ पुन्हा पुन्हा गिरवतो. लाकूड हळू निघतं, आणि जवळून पाहिलं तर एकसारख्या वळ्यांची नक्षी दिसते. रँडम ऑर्बिटलमध्ये मोटर पॅडला केंद्रापासून थोडं सरकवून फिरवते, आणि तो पॅड एका बेअरिंगवर मोकळा बसवलेला असतो. म्हणजे वर्तुळं तर निघतातच, शिवाय पॅड स्वतःभोवतीही फिरत राहतो. कुठलाही कण लगेच त्याच वाटेने जात नाही. ओरखडे एकमेकांवर पडून मिसळतात, त्यामुळे लाकडाच्या रेषेला आडवं चालवलं तरी बिघडत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात एक लाकूड उभं, एक आडवं येतं, तिथे हे फार सोयीचं.

आता यातली गंमत. पॅडचं हे स्वतःभोवती फिरणं मोटर जबरदस्तीने करत नाही, ते मोकळ्या बेअरिंगच्या भरवशावर चालतं. तुम्ही वरून दाबलंत की ते थांबतं आणि तुमच्या हातात महागातला पाम सँडर उरतो. नव्या माणसाला वाटतं, जोर लावला की काम लवकर होईल, होतं उलटं. मशीनचं वजन आणि वर ठेवलेला हात, बस. पॅडच्या कडेला मार्करने एक ठळक रेघ ओढून ठेवा. काम चालू असताना ती हळूहळू फिरताना दिसली पाहिजे. थांबली, की दाब कमी करा.

मशीन बघताना ऑर्बिटचं, म्हणजे पॅड काढतो त्या बारीक वर्तुळाचं, माप बघा, ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. २.५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर फिनिश चांगलं येतं आणि लाकूड बेताने निघतं. ५ मिलिमीटर असेल तर भराभर निघतं, पण ओरखडे ठळक. हौशी माणसाला २.५ ते ३ पुरे. वेग कमीजास्त करायचं चाक मात्र हवंच. तुमच्या वॉर्निशवाल्या खुर्चीसाठी तर नक्की, कारण पूर्ण वेगात वॉर्निश तापून मऊ होतं आणि कागदाला चिकटून बसतं.

वॅटचं एवढं मनावर घेऊ नका. या मापाची बहुतेक मशिनं २५० ते ४०० वॅटमध्ये असतात, आणि तो आकडा मशीन किती वीज खातं त्याचा असतो, पॅडपाशी किती ताकद पोचते त्याचा नव्हे.

पटाशी
सगळं बरोबर, पण टेबलाचे जोड वरखाली आहेत असं ताईंनी लिहिलंय, तिकडे कुणी बघितलंच नाही. त्याला सँडर कशाला? रंधा मारा. दहा मिनिटांत सपाट होतं, भुसा नाही, आवाज नाही. सँडर हे पृष्ठभाग गुळगुळीत करायचं यंत्र आहे, सपाट करायचं नव्हे. मऊ पॅडची गोल चकती उंचवट्यावरही चढते आणि खळग्यातही उतरते. शेवटी हाताला मऊ लागतं आणि तिरप्या उजेडात लाटा दिसतात.

आणि सँडरनेच करायचं असेल तर मग बेल्ट. खाली सपाट पोलादी पाट असतो, तो उंचवटेच आधी खातो.

कोवळी फळी
रंधा आहे माझ्याकडे. पण एका फळीची रेष एकीकडे, दुसरीची उलटी. जोडावरून रंधा गेला की एका बाजूचे तंतू उपटून येतात.

पटाशी
मग पाती अगदी बारीक सोडून तिरपा रंधा. नाहीतर हाताने ओढायची पोलादी स्क्रेपर पट्टी, तिला रेषेच्या दिशेचं फारसं काही नसतं. आधी जोडावर बाहेर आलेला गोंद मात्र खरडून काढा. वाळलेल्या गोंदावर सँडर फिरवलात तर कागद मिनिटभरात बाद.

गुण्या
पटाशींशी जोडापुरता सहमत. बेल्टच्या बाबतीत नाही.

बेल्ट सँडर हे कामाचं यंत्र आहे, वाद नाही. ७५ बाय ५३३ मिलिमीटरचा पट्टा सर्रास मिळतो, दारं, जाड फळ्या, ओबडधोबड लाकूड यांना तोड नाही. पण पहिलंच आणि एकमेव मशीन म्हणून? तो हातातून पुढे पळतो. चालू करून मगच, पट्टा धावत असताना, अलगद टेकवायचा, उचलतानाही तसंच; नेम चुकला की मशीनच्या मागच्या किंवा पुढच्या टोकाचा आडवा चर पडतो. पट्टा एका बाजूला सरकत असेल तर बाजूच्या फिरकीने ओळीत आणावा लागतो. आणि प्लायवर हे यंत्र म्हणजे सर्वनाश. ताईंच्या तीन कामांपैकी दोन त्याला जमणारच नाहीत.

थोडी वरखाली असलेली जागा रँडम ऑर्बिटलनेही निभते. ८० नंबरचा खरखरीत कागद, कडक पॅड, आणि सगळ्या टेबलावर पेन्सिलने नागमोडी रेघा मारून ठेवायच्या. रेघा जिथे राहतात तो खोलगट भाग. सगळ्या रेघा गेल्या की पृष्ठभाग एकसारखा झाला. फक्त जोडाच्याच जागी घासत बसू नका, आजूबाजूला हातभर पसरवत जा.

दूरचा वाचक
वाचनखूण साठवली. माझं काहीच लाकूडकाम नाही, पण वाचायला आवडतंय.

भुसकट
धुळीचा विषय कुणी काढला नाही म्हणून मीच काढतो. नावाला जागायला नको का!

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकलीय, म्हणजे माणसात कर्करोग करते हे पुरेशा पुराव्याने ठरलेल्या गोष्टींत. १९९५च्या त्यांच्या ग्रंथात ते आलंय. विशेषतः नाकाच्या पोकळीतला कर्करोग, आणि धूळ कठीण लाकडाची. करवतीचा भुसा डोळ्यांना दिसतो, जमिनीवर पडतो, झाडून जातो. सँडरची धूळ निराळी. तिच्यातला सगळ्यात बारीक भाग काम संपल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहतो आणि श्वासाबरोबर खोल जातो. तुम्ही मास्क काढता, चहा घेता, तेव्हाही ती खोलीत असतेच.

म्हणून माझा निकष असा: मशीनला लागलेली पिशवी किंवा डबी विसरा, मागच्या नळीला व्हॅक्यूमचा पाइप नीट बसतो की नाही ते बघा. नळ्यांची मापं एकसारखी नसतात. रबरी जोडणी मिळाली तर ठीक, नाहीतर चिकटपट्टीचे जुगाड करत बसावं लागतं आणि ते कामाच्या मध्येच सुटतं. पिशवी धूळ थोडीफार पकडते. व्हॅक्यूम लावला तर फरक कागदावर बोट फिरवूनही कळतो.

याचा फायदा फक्त फुप्फुसांना नाही. धूळ चकतीखाली अडकली की कागद चोंदतो, तापतो, निकामी होतो. धूळ निघून गेली की तोच कागद कितीतरी जास्त टिकतो. एक सावधगिरी: व्हॅक्यूमची ओढ फार असेल तर चकती लाकडाला चिकटल्यासारखी होते आणि उड्या मारते. ओढ कमी करा. कागदाची भोकं पॅडच्या भोकांवर नेमकी आली पाहिजेत, नाहीतर सगळी मेहनत वाया. जाळीचे कागद मिळतात, त्यांत भोकं जुळवायची कटकटच नाही.

तरीही एन९५ किंवा एफएफपी२ मास्क घालाच.

वॉर्निश घासलेली धूळ पिशवीत साठवून ठेवू नका. ती आपोआप तापून पेटू शकते. काम संपलं की पिशवी बाहेर रिकामी करायची.

सहाण
लोक मशीन निवडायला महिना घालवतात आणि कागद हाताला लागेल तो आणतात. लाकूड कागद कापतो हो, मशीन फक्त त्याला हलवतं.

नंबर कसे चढायचे ते सांगते. ८०, मग १२०, मग १८०. ज्या कागदांच्या नंबराआधी पी असतो त्यांत ८०चा कण सरासरी २०१ मायक्रॉन, १२०चा १२५, १८०चा ८२. म्हणजे प्रत्येक पायरीला कण साधारण दीडपट बारीक होतो. पुढच्या कागदाचं काम एकच, मागच्याचे ओरखडे पुसणं. ८०वरून एकदम १८०वर उडी मारलीत तर २०१ मायक्रॉनच्या कणाने पाडलेले चर ८२ मायक्रॉनच्या कणाला घासून काढावे लागतात. तो ते करत नाही, त्यांच्या माथ्यावर चमक आणतो. कोरडं लाकूड छान दिसतं, आणि रंगाचा किंवा पॉलिशचा पहिला हात मारला की चर वर येतात.

पी नसलेल्या जुन्या अमेरिकी पद्धतीच्या नंबरांशी गल्लत करू नका. १८०, २२०पर्यंत फारसा फरक नाही, पुढे फाटे फुटतात. पी नसलेला ३२० हा जवळपास पी४००इतका बारीक असतो.

वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन लावायचं असेल तर १८०ला थांबा. तेल लावायचं असेल तर २२०. त्यापुढे उघडं लाकूड घासत गेलात तर पृष्ठभाग इतका चकाकतो की रंग नीट मुरत नाही. ३२० वगैरे पॉलिशच्या दोन थरांच्या मध्ये, हलकंसं.

लाकडात राळ किंवा तेल असेल (पाइन, सागवान) तर कण विरळ पेरलेला आणि वर स्टिअरेटचा पांढुरका थर दिलेला कागद घ्या, तो लवकर चोंदत नाही. चोंदलाच तर कच्च्या रबराची काठी मिळते, ती चालू चकतीवर टेकवली की मळ निघून येतो.

बिजागरी
माझाही एक प्रश्न याच धाग्यात विचारून घेतो. बॅटरीवरचा कसा? ड्रिल बॅटरीचंच आहे, बॅटऱ्या त्याच चालतील.

गुण्या
हिशोब करून बघा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॉट-तास असतात. ड्रिल क्षणभर चालतं, थांबतं. सँडर सलग चालतो. त्याने सरासरी १८० वॅट खेचले तर अर्ध्या तासात बॅटरी रिकामी. दोन-तीन बॅटऱ्या असतील आणि कामं छोटी असतील तर मजेत वापरा. आणि भुसकट म्हणतात तसा व्हॅक्यूमचा पाइप मागे लावणारच असाल तर वायरीपासून सुटका तशीही झाली नाही.

हवेच्या दाबावर चालणाऱ्यांबद्दल कुणी विचारायच्या आधीच: हलके आणि छान असतात, पण हवा अखंड पितात. टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर त्यांना पुरत नाही.

खुंटी
कंपनावर दोन ओळी. मशीनच्या पुस्तिकेत कंपनाचा आकडा दिलेला असतो, मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात. तो वाचतच नाही कुणी. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशात आठ तासांच्या कामाला सरासरी २.५ झाली की मालकाने उपाय सुरू करावेत, आणि ५च्या वर जाऊच नये, असं आहे. यात वर्गाचा हिशोब चालतो, म्हणजे कंपन दुप्पट झालं की वेळ एक चतुर्थांश. मशीनचं कंपन ५ असेल तर २.५ची पातळी दोनच तासांत गाठली जाते, १० असेल तर अर्ध्या तासात.

हौशी माणूस रोज तासन्‌तास घासत नाही, मान्य. पण दोन मशिनं बाकी सारखी असतील तर कमी आकड्याचं घ्यावं. घासून झाल्यावर बोटांना मुंग्या येत असतील तर तो इशारा समजा. आणि झिजलेला किंवा वाकडा बसलेला पॅड चांगल्या मशीनलाही थरथरवतो.

कोवळी फळी
केवढं शिकायला मिळालं! म्हणजे १२५ मिलिमीटर, ऑर्बिट २.५ किंवा ३, वेगाचं चाक, व्हॅक्यूमची जोडणी. दुकानात हातात घेतल्यावर आणखी काय तपासू?

ओळंबा
पॅड ब्रेक. मशीन चालू करून हवेत धरा. ब्रेक नसेल किंवा झिजलेला असेल तर पॅड हवेत भणभणून फिरायला लागतो, आणि तसा लाकडाला टेकवला की पहिल्या क्षणीच अर्धगोल चरे. चांगल्या मशीनमध्ये पॅडच्या पाठीमागे एक रबरी कडं घासत असतं, ते त्याला आवरतं. तरी सवय अशी ठेवा: रँडम ऑर्बिटल आधी लाकडावर टेकवायचा, मग चालू करायचा. बेल्टच्या अगदी उलट.

गुण्या
आणखी: तळव्यात मावतो का बघा. बोटं वळवून नीट पकडता आला पाहिजे. मशीनची मूठ मोठी असेल तर मनगट लवकर थकतं. उंची जितकी कमी तितका तोल बरा, उंच मशीन कडेवर कलतं आणि कडा गोल होतात. धुळीपासून झाकलेलं बटण. सुटे पॅड मिळतात का, हे विचाराच. वेल्क्रोचे आकडे उष्णतेने वितळतात, आधी कडेचे, मग चकत्या उडायला लागतात. तो भाग झिजणारच. पॅड मिळत नसेल तर मशीन कितीही चांगलं असून उपयोग नाही. कागद लावल्याशिवाय उघडा पॅड कधी लाकडावर फिरवू नका.

दोन पद्धतींनी चालणारी, म्हणजे गिअर लावून पॅड जबरदस्तीने फिरवणारी मशिनंही दिसतील. जुना रंग काढायला जबरदस्त, पण जड, आणि एका हाताने आवरत नाहीत. पहिलं मशीन म्हणून नको.

बिजागरी
ते शेपटासारखे गुंडाळलेले चरे कशाने येतात? एका मित्राच्या टेबलावर पाहिलेत. रंग लावेपर्यंत दिसलेच नव्हते म्हणे.

सहाण
चकतीखाली एखादा मोठा कण अडकला किंवा कागदावर गाठ झाली की ती प्रत्येक फेऱ्यात एक वेलांटी काढते. आधीच्या खरखरीत कागदाचे सुटलेले कण लाकडावर राहतात, हे बहुधा कारण. नंबर बदलताना पृष्ठभाग व्हॅक्यूमने साफ करा, पॅडही पुसा. दाब जास्त आणि हात घाईत, हे दुसरं कारण. सेकंदाला दोन-अडीच सेंटिमीटर, एवढ्या सावकाश न्यायचं असतं. सुरुवातीला अगदी कंटाळवाणं वाटतं. शेवटी तोच १८० नंबर हातात घेऊन ठोकळ्याने रेषेच्या दिशेने काही हात मारले की उरलेसुरले निघून जातात.

तपासायचं असेल तर खोलीतला दिवा बंद करून एक दिवा टेबलाच्या पातळीला, बाजूने धरा. वरच्या उजेडात काही दिसत नाही.

कोवळी फळी
शेवटचे दोन प्रश्न, मग पळतेच दुकानात. प्लायला यातलं काय लागू? आणि खुर्चीच्या गोल पायांना गोल चकती कशी लावायची?

पटाशी
प्लायला ८० लावायचाच नाही. वरचं पान बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं आणि कारखान्यातून घासूनच येतं. १८० घ्या, वेग कमी, एकदा फिरवून पुढे सरका. इथे पेन्सिलच्या रेघा अगदी फिक्या मारा आणि त्या गेल्या की तिथेच थांबा. कडांपाशी चकतीचा निदान दोन तृतीयांश भाग प्लायवर राहील असं धरा, नाहीतर ती कलून कडेचं पान खाऊन टाकते. खालचा वेगळ्या रंगाचा थर दिसला की मग त्यावर काही इलाज नाही.

भुसकट
खुर्चीला सँडर लावायच्या आधी थांबा. फार जुनी असेल आणि वॉर्निशखाली रंगाचे थर असतील तर त्यात शिसं असू शकतं, ते कोरडं घासायचं नाही. नुसतं वॉर्निश असेल तरी थरावर थर सँडरने काढण्यात अर्थ नाही, कागदांचा फडशा पडेल. रंग काढायचं द्रावण लावून मऊ झालेला थर खरडा, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. पुसून, वाळवून मग १२० आणि १८०. बैठकीला मशीन. पायांना कापडी पाठीच्या कागदाची पट्टी दोन्ही हातांत धरून मागेपुढे ओढा, बूट पॉलिश करतो तशी. मशीनला मऊ स्पंजचा पॅड लावून गोल भागावर फिरवता येतं, पण पायावरच्या खाचा आणि कडी त्याने झिजतात.

ओळंबा
पायांच्या सांध्याच्या बेचक्यात चकती जाणार नाही, तिथे कागद दुमडून बोटानेच. त्या एवढ्याशा जागेसाठी तिकोनी डिटेल सँडर विकत घेऊ नका.